कोच मैदानात काय ओरडतात

माझ्या कार्डावर 'सहायक लाइन कोच' असं छापलंय. प्रत्यक्षात मी एका माणसाच्या कमरेचा पट्टा धरतो.

हे रीतसर काम आहे. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळायचा. त्यात मुख्य कोचने भान विसरून मैदानाच्या पांढऱ्या रेघेच्या आत पाऊल टाकलं की पंच पिवळा रुमाल फेकतात आणि टीमला पंधरा यार्डांचा भुर्दंड बसतो. आता चिडलेल्या माणसाला रेघ दिसत नाही. म्हणून कॉलेजं एक धडधाकट माणूस नेमतात. तो सामना संपेपर्यंत कोचच्या मागे उभा राहून त्यांचा पट्टा धरतो आणि वेळ आली की मागे ओढतो. रेड सायप्रस कॉलेजात तो माणूस मी. वेंडेल प्रुइट, वय सव्वीस, पकड उत्तम.

आमच्या टीमचं नाव 'चावरी कासवं'. नाव ज्यांनी ठेवलं ते आता हयात नाहीत, त्यामुळे विचारता येत नाही.

आणि माझे कोच म्हणजे लमार स्टबलफील्ड, ज्यांना निम्मं आर्कन्सा राज्य 'बुल' म्हणतं. तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हेडफोन जमिनीवर आपटलेला, तोंडाचा पट्टा सुरू, आणि मागे लगाम धरल्यासारखा मी. घराघरांत लहान मुलं बघत असतात म्हणून टीव्हीवाले त्या वेळी आवाज बंद करतात. गावातल्या आया पोरांना सांगतात, दूध पी, नाहीतर बुल येईल. पोरं पितात.

कोच काय ओरडतात हे मला माहीत आहे, त्यांच्या बायकोला, म्हणजे नेडीनबाईंना माहीत आहे, आणि काही पंचांना माहीत आहे. कोच पीच कॉबलर या गोड पदार्थाची कृती ओरडतात.

त्याला कारण आहे. कोचचे वडील पाद्री. घरात शिवी तर सोडाच, 'गाढव' हा शब्दसुद्धा फक्त गाढवासाठी वापरायचे. कोच वाढले ते असे. पहिल्याच मोसमात आम्ही एका गुणाने हरलो, तेव्हा ते हसतमुखाने पलीकडे गेले, जिंकलेल्या कोचचं अभिनंदन केलं आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. त्या आठवड्यात रेडिओवर लोकांचे फोन थांबेनात. या माणसाला दुःख होतं की नाही? हरल्यावर गुडघा कसला विचारतो? कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी कोचना बोलावून सांगितलं, चारचौघांत चिडा, नाहीतर सामान बांधा. कोच घरी येऊन जेवलेच नाहीत. मला शिव्या येत नाहीत, म्हणाले. नेडीनबाई म्हणाल्या, "मग जे पाठ आहे ते ओरड. आवाज कोण ऐकतंय?"

कोचना पाठ होता आजीचा कॉबलर. तळाशी पीच, वर खुसखुशीत पिठाचं झाकण.

तेव्हापासून हे चाललंय. पंचाने चुकीचा निर्णय दिला की कोच त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन गरजतात, "दोन कप मैदा! दोन! लोणी थंड पाहिजे, थंड! किती वेळा सांगायचं? आणि मळायचं नाही! नुसतं एकत्र करायचं!" पट्ट्याला हिसका बसतो, मी टाचा रोवतो, वीस हजार लोक उभे राहून टाळ्या पिटतात. एकदा एका वयस्क पंचाने चेहरा न हलवता विचारलं, "पीच सोलायचे का?" कोच कडाडले, "सालासकट!" स्टेडियम वेडं झालं.

माझं खरं काम मागे ओढायचं नाहीच. खरं काम पुढे ढकलायचं आहे. मी पाठीत हलकेच बोटाचं पेर टोचतो.

"आत्ताच?" कोच पुटपुटतात.

"पंच चुकलेत, कोच."

"माणूस आहे. चुकतो."

"कॅमेरा आपल्याकडे आहे."

मग ते सुस्कारा सोडतात आणि मैद्यापासून सुरुवात करतात.

यंदा मात्र मैद्याने भागेना. आम्ही इतके सामने हरलो की देणगीदारांनी निरोप पाठवला: थेरॉन बॅटिस्टला कासवांकडे आणा, नाहीतर कोच बदलतो. थेरॉन म्हणजे लुईझियानातल्या सीमेजवळच्या एका खेड्यातला शाळकरी लाइनमन, म्हणजे पहिल्या फळीत समोरच्यांना अंगाने अडवणारा खेळाडू. वजन दीडशे किलो, चपळाई मांजराची. त्याची सही बुधवारी होणार होती, आणि कुठल्या कॉलेजसाठी ते त्याची आई ठरवणार होती. रविवारी चर्च सुटल्यावर आम्हाला जेवायला बोलावलं होतं.

गाडीत कोच दोनदा म्हणाले, "वेंडेल, तिथे ओरडावं लागणार नाही ना?"

"कोणाच्या घरी जाऊन कोण ओरडतं, कोच?"

एवढं मी ठामपणे म्हणालो.

व्हर्लीन बॅटिस्ट शाळेची बस चालवतात. मागे न वळता, नुसत्या आरशात बघून बसभर पोरांना गप्प करतात असं ऐकून होतो. दार उघडल्यावर पटलं. कोचनी पायपुसण्यावर तीनदा पाय पुसले, आणलेली फुलं दिली, कुत्र्याला नाव विचारलं. म्हणजे कुत्र्यालाच विचारलं. मग म्हणाले, "बाई, किती छान ठेवलंय घर. मी काही चिरून देऊ का?"

बाईंनी मला बाजूला घेतलं. "ए पट्टेवाल्या. हाच ना तो टीव्हीवरचा?"

"हाच."

"मग हा असा काय?"

"रविवार आहे ना आज," मी म्हणालो.

टेबलाशी थेरॉन होता. तो बसला होता म्हणून खोलीत इतरांना जागा होती. त्याच्या शेजारी त्याची ओडीलमावशी, व्हर्लीनबाईंची थोरली बहीण. मावशींना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. आमच्या टीमच्या टोपीतच त्या जेवायला बसल्या होत्या. कोचना पाहून त्यांनी जुनी ओळख असल्यासारखी मान डोलावली.

जेवण झक्कास होतं. भाताबरोबर कोळंबीचा रस्सा, मक्याचा पाव, गोड गार चहा. कोचनी तीनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक वेळी आभार मानले. बाईंचा चेहरा प्रत्येक आभारागणिक उतरत गेला.

"शुक्रवारी वेदरबी येऊन गेले," शेवटी त्या म्हणाल्या.

ग्रँट वेदरबी शेजारच्या राज्यातल्या बड्या कॉलेजचे कोच. टीव्हीवर ते कायम कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून असतात. जिंकले तरी डोळे ओले, हरले तरी ओले. 'ही सगळी माझी लेकरं आहेत' हे त्यांचं वाक्य टी-शर्टावर छापून विकलं जातं.

"चांगला माणूस," आमचे कोच मनापासून म्हणाले.

"चांगला? त्यांच्या मदतनीसाने कॉफी चुकीची आणली म्हणून माझ्या अंगणात त्याच्या अंगावर फेकली! आणि अशा शिव्या घातल्या की, आमची गल्ली काही सोवळी नाही कोच, तरी चार जणांनी खिडक्या लावून घेतल्या. मग आत आले, डोळे ओले केले, आणि माझ्या रश्श्याला हातसुद्धा लावला नाही. डाएट म्हणे."

"अरेरे," कोच म्हणाले.

"अरेरे काय? मला आवडलं."

मी आणि कोचनी एकाच वेळी चमचा खाली ठेवला.

"असं बघताय काय?" बाई म्हणाल्या. "बाहेरून गोड आणि आतून कडक. मला आतलाच कडकपणा हवाय. या माझ्या लेकराकडे बघा. गेल्या महिन्यातल्या सामन्यात समोरच्याला आडवं केलं. छान. मग हा खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधायला लागला! खेळ चालू होता!"

"तो पडला असता, मम्मा."

"तो पडलेलाच होता!"

"उठल्यावर पडला असता," थेरॉन म्हणाला.

बाईंनी आमच्याकडे हात पसरले, म्हणजे पाहिलंत. "याचा बाप असाच होता. मऊ. जो येईल तो त्याच्याच खांद्यावरून चढून पुढे गेला. मीही याला मऊच वाढवलं, आता कोणीतरी टणक करा. मी तुमच्याकडे डोळे लावून बसले होते, कोच. म्हटलं, हा बैल माझ्या पोराला माणसात आणेल. आणि तुम्ही येऊन काय करता? कुत्र्याची विचारपूस करता!"

"गोड कुत्रा आहे," कोच म्हणाले.

"ओरडा त्याच्यावर."

"कुत्र्यावर?"

"थेरॉनवर! काल कचरा बाहेर ठेवला नाही त्याने. ओरडा. इथे, आत्ता. टीव्हीवरचा माणूस मला बघू दे. दिसला, तर बुधवारी सही तुमची. नाहीतर वेदरबी."

"चालेल कोच," थेरॉन सरसावून बसला. "मी मनाला लावून घेणार नाही."

कोच उठले. त्यांनी थेरॉनकडे पाहिलं, आणि मला दिसलं की या माणसाला काहीही सुचणार नाही. मी काय करावं? मी तीन मोसम जे केलं तेच केलं. उठलो, मागे गेलो, पट्टा धरला आणि पाठीत पेर टोचलं. हा विचारपूर्वक केलेला भाग नव्हता. घोडा टांग्याला जोडल्यावर चालायला लागतो, तसं झालं.

"दोन कप मैदा!" कोच गरजले.

खिडकीच्या काचा थरथरल्या. कुत्रा सोफ्याखाली गेला. हे टीव्हीवर चाललं नव्हतं, त्यामुळे आवाज बंद करायलाही कोणी नव्हतं.

"काय?" व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"दोन! लोणी थंड पाहिजे, थंड!" एकदा सुटल्यावर कोचना थांबता येत नाही, आणि मला सवयीने मागे ओढणं थांबवता येत नव्हतं. "मळायचं नाही! नुसतं एकत्र..."

इथे कोचना स्वतःचा आवाज ऐकू आला. ते थांबले. मी पट्टा सोडला. मी मनातल्या मनात आम्हा दोघांचं सामान बांधायला घेतलं.

तेवढ्यात ओडीलमावशी टाळ्या वाजवत उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि कापडाने धरून एक मोठं भांडं घेऊन आल्या. कोचपुढे ठेवलं. पीच कॉबलर. मग भराभर हात हलवत काहीतरी सांगायला लागल्या. थेरॉन त्यांच्या हातांकडे बघून बोलू लागला.

"मावशी म्हणतेय, तीन वर्षं तुमच्याच कृतीने करतेय. पण आज शेवटपर्यंत सांगा. टीव्हीवर 'नुसतं एकत्र करा' झालं की नेहमी जाहिरात लागते. त्यामुळे वरून छान होतं आणि खालून कच्चं राहतं."

कोचनी चमचाभर खाल्लं. डोळे मिटले. मैदानावर कधी न दिसलेली एकाग्रता चेहऱ्यावर आली. मग ते मावशींच्या समोर नीट वळून, ओठ सावकाश हलवत म्हणाले, "पीच आधी उकळून घ्यायचे. पीठ पडतं तेव्हा पीच गरम हवेत. गार पीचवर टाकलं की खालून शिजतच नाही."

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला.

"ओडील!" व्हर्लीनबाई ओरडल्या, आणि मग लक्षात येऊन बहिणीच्या समोर जाऊन ओरडल्या, "तुला हे माहीत होतं? तीन वर्षं?"

मावशींचे हात हलले. थेरॉनने सांगितलं, "म्हणतेय, मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतं."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी बसमधल्या पोरांना याच्या नावाने धाक घालते, आणि हा तिथे स्वयंपाक सांगतो?"

"फक्त गोडाचा, बाई," कोच म्हणाले. "बाकी नेडीन करते."

बाईंनी फोन उचलला. वेदरबींचा नंबर बहुतेक समोरच होता. कोचनी अडवलं नाही. ते टेबलावरच्या ताटल्या गोळा करायला लागले. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला कोणाला टणक करता येणार नाही. मला स्वतःलाच जमलं नाही."

बाईंचं बोट बटणावर थांबलं. "मग या धंद्यात टिकलात कसे? एवढा मऊ माणूस? तुम्हाला अजून कोणी खाल्लं कसं नाही?"

कोचनी विचार केला. त्यांना प्रश्न विचारला की ते खरंच विचार करतात. पत्रकारांना हे आवडत नाही.

"हा मागे असतो," त्यांनी ताटल्यांसकट माझ्याकडे हनुवटी केली. "हा सोडणार नाही हे मला ठाऊक असतं. मग कितीही पुढे झेपावलं तरी भीती वाटत नाही. एकट्याने मला नुसतं खोकताही येत नाही, बाई."

मी कमरेवर हात ठेवले, मग काढले. अशा वेळी हातांचं काय करायचं ते मला शिकवलेलं नाही.

"मला कोणी विचारलंच नाही," थेरॉन म्हणाला.

एवढ्या हळू म्हणाला की फक्त कोचना ऐकू आलं. "काय विचारलं नाही, बाळा?"

"मला कुठे जायचंय ते."

"मग सांग की."

"मम्मा फोनवर बोलणार आहे. मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

कोचनी ताटल्या खाली ठेवल्या. "वेंडेल, पट्टा धर त्याचा."

थेरॉनला पट्टा नव्हता. नाडीची पँट होती. मी दोन्ही मुठींत मागचं कापड धरलं आणि त्याच्या पाठीत, जिथे हात पोचला तिथे, पेर टोचलं.

मी आजवर बरेच आवाज ऐकलेत. हा त्यातला नव्हता. "मम्मा, फोन खाली ठेव!" भिंतीवरची आजोबांची तसबीर पडली. थेरॉन पुढे झेपावला आणि मी गालिच्यावरून त्याच्या मागे घसरत गेलो, गालिच्यासकट. "मला नाही जायचं वेदरबींकडे! ज्याच्या अंगावर कॉफी फेकली ना, त्याला मी मागच्या दाराने टॉवेल नेऊन दिला! तो रडत होता, मम्मा! मोठा माणूस होता आणि रडत होता! मला टणक नाही व्हायचं! मी यांच्याकडे जाणार! हे ताटल्या उचलतात!"

मी अजून कापड धरून होतो, गालिच्यावर पालथा पडून.

मावशींचे हात हलले. या वेळी कोणी अर्थ सांगायला नव्हतं, कारण सांगणारा धापा टाकत होता. मग त्यानेच सांगितलं, "म्हणतेय, जमीन हलली."

व्हर्लीनबाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या लेकाकडे बघत राहिल्या. बसच्या आरशात अचानक नवीनच पोर दिसावं, तसं.

"सॉ..." थेरॉनने सुरुवात केली.

"सॉरी म्हणालास तर आत्ता लावते वेदरबीला."

थेरॉनने शब्द गिळला. घशातून उतरताना दिसला.

"सतरा वर्षं," बाई म्हणाल्या, "सतरा वर्षं मी या आवाजाची वाट बघतेय. आणि निघाला तर माझ्यावरच." मग त्या हसायला लागल्या. पहिल्यांदा नाकातून, मग पूर्ण. हसता हसता त्यांनी कोचच्या खांद्यावर असा हात मारला की मी सवयीने मागून पट्टा धरला. "बुधवारी सही तुमची. पण एक अट."

"सांगा."

"हे या चार भिंतींत राहणार. माझ्या बसमध्ये पोरं आहेत. उद्या त्यांना कळलं की बुल कॉबलर शिकवतो, तर मी बस चालवू की त्यांना आवरू? आणि बाहेर बघा." त्यांनी पडदा बाजूला केला. निम्मी गल्ली खुर्च्या टाकून समोर बसली होती, फोन सरसावून. "ते तुम्हाला बघायला थांबलेत. जाताना शोभेल असं जा."

"किती चिडू?" कोचनी नम्रपणे विचारलं.

"शेवटच्या मिनिटाला हरल्याइतकं."

"पण बाई, त्यांना ऐकू येईल. मला दुसरं काही पाठ नाही."

बाईंनी बाह्या सरसावल्या. "ऐकू येणार नाही. ते माझ्यावर सोडा."

दार उघडलं. मी पेर टोचलं. कोच पायऱ्यांवरून लालबुंद होऊन उतरले आणि मैद्यापासून सुरुवात केली, पण कोणालाही एक अक्षर कळलं नाही, कारण त्यांच्या डाव्या कानाशी व्हर्लीनबाई बसचा भोंगा लाजेल अशा आवाजात ओरडत होत्या, "धर रे त्याला, पट्टेवाल्या! सोडशील तर बघ! माझ्या पोराला उन्हातान्हात पळवणार म्हणतोय हा! दया नाही, माया नाही!" मी धरलं. कोच गाडीपर्यंत पोचले आणि जोशात आमच्याच टायरला लाथ मारली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतून उठून टोपी काढून म्हणाले, "पोरगं योग्य हातात चाललंय, व्हर्लीन."

"मलाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या.

हमरस्त्याला लागल्यावर कोचनी बूट काढला आणि अंगठा चोळत बसले. मला वाटलं दुखतंय. पाहिलं तर चेहरा सामना जिंकल्यावरही नसतो तसा सुखी होता.

"वेंडेल," ते म्हणाले, "त्या पोराने सगळं स्वतःच्या मनातलं ओरडलं."

"हो."

"एक शब्द पाठ केलेला नव्हता."

"नव्हता, कोच."

"मला नाही जमणार कधी," ते समाधानाने म्हणाले आणि सीट मागे टाकून झोपी गेले.